लाकडी चर्चची नोट
२०१४ साल, मी अठ्ठावन्न वर्षांचा, ओमानमध्ये मस्कतजवळच्या रुसैलला सुतार. खुर्ची दुरुस्त करून दिली म्हणून रोमानियाच्या इंजिनियरने मला त्याच्या गावचं लाकडी चर्च छापलेली कोरी करकरीत नोट दिली. चित्रातल्या छपराचं काम चोख होतं. खोलीतला वसईवाला म्हणाला, "काका, ही इथे चालायची नाय." मी म्हटलं, "देवाची नोट चालणार नाही? नाही चालली, तर उद्याचा सगळ्यांचा चहा मी करणार!" जन्मात मी चहा केला नव्हता. संध्याकाळी रुवीच्या बाजारात पैसे बदलायला गेलो, तर एक्स्चेंजवाल्याने नोट परत दिली, "काका, ही आठवणीसाठी छापलीय, जपून ठेवा." खोलीवर सगळे हसून लोळले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नोट गणपतीशेजारी ठेवली, अगरबत्ती लावली आणि चहा केला. वसईवाल्याने नोटेसमोर क्रुसाची खूण केली, घोट घेतला, "काका, साखर विसरलात!" मी म्हटलं, "आमच्यात असाच करतात," आणि माझा कप तसाच संपवला.