मोतीबाईचं नेपाळचं प्रस्थान

माझ्या आत्याने, मोतीबाईने, नवऱ्याला आठ वर्षं रोज शिव्या घातल्या आणि मग त्यालाच आणायला ती नेपाळला निघाली.

आत्याला कुंभिवलीला दिलेली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा, पदूमामा, गोसाव्यांच्या जथ्याबरोबर गेला, तो गेलाच. आत्याने एकटीने भात लावलं, झोडलं, सासूचं शेवटपर्यंत केलं. प्लेगाच्या दुसऱ्या साली घाट उतरून आलेल्या एका गोसाव्याने निरोप आणला. पदू नेपाळात आहे, पशुपतीच्या धर्मशाळेत. दोन्ही डोळे गेलेत. घरी न्या म्हणतो, आणि वर्षभर काही टिकेलसा दिसत नाही.

त्या दिवसापासून शिव्या बंद झाल्या. मी तेव्हा तिच्याकडेच राहायचे, मला तर संतापच आला. असल्या माणसाला आणायला जायचं कशाला? पण मला विचारतो कोण!

बरं, नेपाळ म्हणजे काही पनवेल नव्हे. त्या राज्यात शिरायला तिथल्या दरबारची राहदानी, म्हणजे परवान्याची चिठ्ठी, लागते आणि ती आपल्यासारख्याला मिळत नाही. फक्त शिवरात्रीला डोंगरातल्या चौकीवर यात्रेकरूंना सोडतात, मग पुन्हा वर्षभर बंद. आत्याने गोसाव्याकडून सगळी वाट पाठ करून घेतली. भात कांडताना म्हणायची, खोपोलीहून कर्जत, कल्याणला गाडी बदलायची, काशी, नावेतून गंगेपलीकडे, सगौलीला रेल्वे सोडायची, पुढे बैलगाडी, जंगल, मग दोन घाट पायी. तीन आठवडे तरी लागणार होते. शिवरात्रही जेमतेम तेवढीच लांब राहिली होती.

शिवाय आपल्याकडचा परवाना वेगळाच. डॉक्टरने काखा तपासून महालकऱ्यांची सही झाल्याशिवाय प्लेगाच्या दिवसांत गाडीत पाऊल ठेवता येत नव्हतं. आत्याने खालापूरच्या कचेरीत खेटे घालून तो कागद मिळवला. कर्जतहून काशीला निघालेल्या मेळ्याची सोबतही ठरली, रविवारच्या गाडीने.

इथे आबाजी आडवा आला. हा तिचा धाकटा दीर, वेगळा राहायचा. पंचांग विचारल्याशिवाय हा माणूस दाढीसुद्धा करत नसे.

"आइतवार वाईट हाय, वैनी. मुहूर्त गुरवारचा. गुरवारी परस्थान ठेव, मग खुशाल जा."

प्रस्थान ठेवायचं म्हणजे मुहूर्तावर आपलं गाठोडं वेशीबाहेर कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. देवाच्या लेखी आपण निघालो. लोक त्यात एखादं लुगडं आणि सुपारी बांधतात. पण आत्याला अर्धवट काही जमत नसे. "देवाला फसवायचं कशाला?" म्हणत तिने सगळंच बांधलं, परवान्यासकट, आणि शिळफाट्याला बालमैत्रीण सोमीच्या घरी खुंटीला टांगून आली.

शनिवारी सकाळी सोमीच्या सासूच्या काखेत गाठ दिसली. शिपायांनी घरातली सगळी माणसं माळावरच्या झोपड्यांत नेली आणि दाराला कुलूप ठोकलं. आतलं सामान दुसऱ्या दिवशी जाळायचं होतं.

आत्या धावत गेली. खिडकीच्या गजांतून गाठोडं दिसत होतं, काठीने ओढून घेता आलं असतं. तिने काठी आणलीही.

"त्याला हात लावलास की तूपण झोपडीत," शिपाई म्हणाला.

आबाजीने तिला बाजूला ओढलं. "कचेरीत चल. कागद हरवला सांग, दुसरा देतील. हितं आल्तीस ते बोलू नको."

दोघं खालापूरला पळाली. कारकुनाने नवा परवाना लिहायला घेतला. डॉक्टरने तपासलं, अंगात ताप नव्हता. मग त्याने विचारलं, "शिळफाट्याच्या त्या घरात गेली होतीस?"

सोमीने कुणाचंच नाव सांगितलेलं नव्हतं, नाहीतर शिपाई कधीच कुंभिवलीला आले असते. आत्याला ते कळत होतं. नुसतं 'नाय' म्हणायचं, की उद्याची गाडी. आबाजीने डोळे मिटून घेतले. डॉक्टरने पुन्हा विचारलं.

"गेल्ते," आत्या म्हणाली. "गुरवारी. बसले, पानी प्याले."

"वैनी!"

"वरडू नको रं. मी त्यास्नी आनाया निघाले, गाठ पोचवाया नाय. वाटंत मानसं किती!"

तिला तिथूनच झोपडीत धाडायचं ठरलं, दहा दिवस. म्हणजे शिवरात्र हुकली आणि पदूमामाही हातचा गेला. आत्या कचेरीच्या पायरीवर बसून चारचौघांत ओक्साबोक्शी रडली. सासू गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

 आबाजी अंगरखा काढून डॉक्टरसमोर गेला. "मी त्या घराकडं फिरकलो नाय. मला तपासा. परवाना माज्या नावाचा लिवा."

संध्याकाळी झोपड्यांच्या कुंपणाआडून आत्याने त्याच्याकडून सगळी वाट घोकून घेतली. तो सगौली विसरला की ती ओरडायची. ज्या रविवारी निघू नये म्हणून त्याने डोकं खाल्लं होतं, त्याच रविवारी तो कर्जतच्या पुढे आयुष्यात पहिल्यांदा गेला. त्या माणसाबद्दल मी पूर्वी जे जे बोलले, ते सगळं परत घेते.

सोमीची सासू गेली. आत्या धडधाकट सुटली. पण आबाजीची काहीच खबर नव्हती. फाल्गुन सरला, चैत्र लागला, तरी आत्या रोज खोपोलीच्या फलाटावर जाऊन उभी राही. गाडी रिकामी झाली की परत येई.

एक दिवस आबाजी डब्याच्या दारात दिसला, वाळून काटकी झालेला. त्याच्या खांद्यावर मागून एक हात होता. आठ वर्षांचं सगळं सुनावायचं आत्याने ठरवलं होतं, आणि मीही ऐकायला उत्सुक होते.

"मोती आलीय का रं?" पदूमामाने भावाला विचारलं.

आत्या पुढे झाली. तिने तो हात उचलून आपल्या खांद्यावर घेतला.

"पायरी हाय, बगून उतरा," ती सवयीने बोलून गेली, मग भान आलं तशी फलाटावर खाली बसून तिने त्याचा पाय हाताने पायरीवर टेकवला.