काटे काढलेले निरोप

भाईंदर पश्चिमेच्या मासळी बाजारात शालूच्या पाटीपुढून रिकाम्या हातानं गेलेलं गिऱ्हाईक शोधूनच काढावं लागेल. मासळी तिची काही जगावेगळी नाही. सगळ्याजणींची पाटी एकाच किनाऱ्यावर भरते. पण बाईच्या जिभेवर साखर. भैयाशी हिंदीत, सोसायटीतल्या बायकांशी 'वैनी, वैनी' करत, आणि समोरच्या बांगड्यांच्या दुकानातली हंसाबेन, जी माशाकडे ढुंकूनही बघत नाही, तिच्याशी मोडक्यातोडक्या गुजरातीत गुडघ्यांची चौकशी. आणि एक गोष्ट मानायला हवी, माशाच्या बाबतीत ही बाई कधी खोटं बोलली नाही. "वैनी, ही मांदेली कालची हाय. कालवन नका करू, तलून खा," असं स्वतःहून सांगायची. लोक म्हणूनच तिच्याकडे यायचे.

खोटं ती बोलायची घरात. चार वर्षं बोलत होती, आणि आपण संसार सांभाळतोय अशी तिची पक्की समजूत होती.

शालूचा नवरा दगडू हा चौक गावातला तांडेल. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य. तो बोट दाखवेल तिथं जाळं पडायचं, तो म्हणेल तेव्हा बोट परत फिरायची. एकुलता एक मुलगा स्वरूप. त्यानं बोट चालवावी हे घरात कुणी कधी बोललं नव्हतं, कारण ते बोलायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही. ते ठरलेलंच होतं. आणि एका सकाळी धक्क्यावर, खलाशी बर्फ चढवत असताना, स्वरूपनं सांगून टाकलं की त्याला अंधेरीला नोकरी लागलीय, तो बोटीवर येणार नाही. आता ही गोष्ट घरात, भाकरी खाताना सांगावी की नाही? पण बापासमोर घरात तोंड उघडायची छाती नव्हती, म्हणून पोरानं चारचौघांचा आधार घेतला. आणि त्याच चारचौघांसमोर दगडू म्हणाला, "भित्रा हायस तू. दर्याला भ्यालास. तांडेलाच्या घरात कशाला जल्माला आलास?"

खलाशी हसले. नसते हसले तर कदाचित पुढचं काही घडलंही नसतं. स्वरूप तिथून जो निघाला तो भाईंदरला भाड्याच्या फ्लॅटवर राहायला गेला. पुढे समिधाशी लग्न केलं, तेव्हा दगडू अक्षता पडेपर्यंत खांबासारखा उभा राहिला आणि न जेवता निघून आला. त्याच वर्षी त्यानं बोट विकली. "लेक न्हाय तर बोट कशाला," असं गावात सांगितलं आणि दुसऱ्यांची फाटकी जाळी विणत ओट्यावर बसू लागला.

बापलेकांचा अबोला सुरू झाला. आपल्याकडे अबोला धरणारी माणसं गप्प थोडीच बसतात? तोंडं दुसरीकडे करतात, एवढंच. मग मधल्या माणसाची फरफट. "तुज्या लेकाला सांग" आणि "बाबांना सांग" या दोन वाक्यांमध्ये शालू रोज एसटीतल्या टपालाच्या थैलीसारखी ये-जा करू लागली. सकाळी चौकहून बसनं बाजारात, दुपारी पाटी रिकामी झाली की लेकाच्या फ्लॅटवर चार बोंबील घेऊन, आणि मग परत गावात.

दगडू म्हणायचा, "सांग त्याला, माज्या मौतीला बी येऊ नको." शालू फ्लॅटवर जाऊन सांगायची, "बाबा म्हनाले, तब्येत सांभाल." स्वरूप म्हणायचा, "त्यांनी आधी माफी मागावी, मग बघू." शालू घरी येऊन सांगायची, "गनपतीला येतो म्हनालाय." गिऱ्हाइकाला मासा देताना खवले काढायचे, पोट साफ करायचं, काटा काढायचा आणि मऊ तुकडा हातात द्यायचा, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. निरोपांचंही तिनं तेच केलं. तिला वाटायचं, आज ना उद्या ही गोड बोलणी खरी होतील. माउलीचा जीव, दुसरं काय!

पण झालं भलतंच. गणपती यायचे, दगडू दाढी करून, नवा शर्ट घालून ओट्यावर बसायचा, लेक यायचा नाही. नारळी पुनवेला तेच, शिमग्याला तेच. शालूला वाटायचं, आपण आशा जिवंत ठेवतोय. दगडूच्या मनात मात्र एकच बसत गेलं: पोरगा येतो म्हणतो आणि येत नाही, म्हणजे तो खोटारडा आहे. आणि तिकडे स्वरूप निर्धास्त. बाबांचा राग केव्हाच गेलाय, ते तब्येतीची चौकशी करतात, मग घाई कसली? जाऊ सावकाश. त्यात त्याची नोकरी कसली, तर कॉल सेंटरमध्ये नव्या पोरांना गिऱ्हाइकाशी कसं बोलावं ते शिकवायचं. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्या, तो काय म्हणाला ते त्यालाच परत विचारून खात्री करा, असं हा फळ्यावर लिहून देतो. स्वतःच्या बापाच्या बाबतीत एकदाही खात्री करून घेतली नाही पठ्ठ्यानं.

दगडूचा घसा बसला तो बसलाच. काढे झाले, गावच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, शेवटी मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा कळलं की कॅन्सर आहे. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, "काका, जीव वाचेल. नंतर थोडंफार बोलायला वेगळी सोय करता येते, पण हा तुमचा आवाज परत मिळणार नाही. कुणाशी बोलायचं असेल तर ऑपरेशनच्या आधी बोलून घ्या."

हे सगळं शालूनं लेकाला काय सांगितलं? "घसा बसलाय. औषध चालू हाय." सवयच ती! जिभेला इतकं वळण पडलेलं की कॅन्सरचासुद्धा काटा काढून टाकला. स्वरूप म्हणाला, रविवारी येतो बघायला. आणि ऑपरेशन होतं शुक्रवारी.

गुरुवारी सकाळी दगडू वॉर्डात खाटेवर बसला होता. शालूनं विचारलं, लेकाला बोलावू का. त्यानं मान फिरवली. "काय सांगू नको त्याला. यायचा असता तर कवाच आला असता. येतो येतो म्हनून चार वर्सं फसवलान त्यानं मना."

 फसवलं कुणी, हे शालूला ठाऊक होतं. उद्या या माणसाचा आवाज जाणार, आणि पोराबद्दलचं त्याच्या तोंडचं शेवटचं बोलणं 'खोटारडा' हे असणार, तेही पोरानं न केलेल्या गुन्ह्यासाठी. ती उठली आणि तडक भाईंदर गाठलं.

स्वरूपची रात्रपाळी, म्हणून तो घरीच होता. समिधानं दार उघडलं, सासूच्या हातात पाटी नाही हे पाहून ती नुसतीच बाजूला झाली. स्वरूपनं विचारलं, "बाबांचा घसा कसा आहे?"

शालूच्या ओठांवर वाक्य तयार होतं: बाबांनी तुला बोलावलंय. किती सोपं होतं! पोरगा धावत गेला असता. पण तिथं जाऊन पुन्हा तेच झालं असतं, एकाच्या मनात एक आणि दुसऱ्याच्या मनात दुसरं. ती खाली जमिनीवर बसली.

"घसा बसला न्हाय. कॅन्सर हाय. उद्या कापतायत, आवाज जानार त्यांचा. आनि बाबांनी तुला बोलावलं न्हाय. उलट सांगू नको म्हनाले."

"तब्येत सांभाळ म्हणतात ना ते मला? दर वेळी?"

"कधीच न्हाय म्हनाले. मौतीला येऊ नको म्हनाले. ते मी बदलून सांगायची. आनि तू माफी मागा म्हनायचास, तर मी त्यांना सांगायची, सनाला येतो म्हनतोय."

 स्वरूप हळू आवाजात म्हणाला, "मग आई, चार वर्षं मी कुणाशी बोलत होतो?"

"माज्याशी," शालू म्हणाली.

तो तिच्यावर ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो आत जाऊन शर्ट बदलून आला. समिधा दारात त्याला म्हणाली, "तिथे ट्रेनिंगमधलं काही बोलू नकोस. नीट भांडलास तरी चालेल."

भेटीच्या वेळेला दोघं वॉर्डात पोचले. दगडूनं लेकाला पाहिलं, आणि बायकोकडे बघून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कशाला आलाय, इचार त्याला."

शालूचं तोंड आपोआप उघडलं. तिनं ते मिटलं. "समोर हाय तो. तुमीच इचारा."

आणि मग जे चार वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं ते भांडण झालं. शेजारच्या खाटेवरचे लोक बघायला लागले, पण कोण पर्वा करतो! गणपतीला येतो म्हणून आला नाहीस, दगडू म्हणाला. मी तसं बोललोच नव्हतो, स्वरूप म्हणाला. दोघांनी शालूकडे पाहिलं. तिनं दगडूलाही सगळं सांगितलं, एक काटा न काढता. दगडू इतका संतापला की त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर स्वरूप म्हणाला, "मला भित्रा म्हणालात. सगळ्या खलाशांसमोर. नोकरीवर कुणी काही बोललं तरी मला तेच हसणं ऐकू येतं."

 दगडू चादरीची कड बोटांत धरून बसला.

"भित्रा मीच व्हतो," तो म्हणाला. "त्याच्या आदल्या साली आपला खलाशी लवू पान्यात पडला, ठाव हाय ना? काढला आमी त्याला वर. पन त्या दिसापासनं दर्या बगितला की माजे हातपाय गलायचे. तांडेलानं असं बोलायचं न्हाय. खलाशी त्याच्या तोंडाकडं बघून दर्यात जातात. मना वाटलं, तू बोटीवर असलास की धीर येल. आनि तूच न्हाय म्हनालास."

"मग तसं सांगायचं ना बाबा. मी आलो असतो. निदान काही दिवस तरी आलो असतो."

"कसं सांगनार?"

 स्वरूप स्टुलावर बसला आणि त्यानं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. दगडूनं तो राहू दिला.

शालू खाटेच्या पायथ्याशी उभी होती. लवू पडल्याचं तिला माहीत होतं; त्या दिवशी तिनंच नवऱ्याला गरम पाणी दिलं होतं. पण दर्यावर निघालेल्याला काही विचारायचं नाही, आणि परत आलेल्याला खोदून विचारायचं नाही, या रीतीत तिची सगळी जिंदगी गेली. साऱ्या भाईंदरच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि एका खाटेवर झोपणाऱ्या माणसाला भीती वाटते हे आज लेकाबरोबर कळलं. तिला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही.

स्वरूपनं मान वर केली. "आई, आमच्या दोघांचं तू सांगत राहिलीस. तुला काय वाटत होतं?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"राग येत व्हता," ती म्हणाली. "दोगांचा. खूप." आणि ती अडखळली. दुसऱ्याचं बोलणं तिला तोंडपाठ. स्वतःचं कुठून सुरू करायचं ते समजेना.

दगडूकडे आवाज होता तो उद्या सकाळपर्यंतचा. तिला वाटलं, त्याला अजून लेकाशी काही बोलायचं असेल, म्हणून ती थांबली. त्यानं सरकून खाटेवर तिला जागा करून दिली.

"बोल," तो म्हणाला. आणि भेटीची वेळ संपेपर्यंत तो फक्त ऐकत राहिला.