मधली चार पावलं

आमच्या शेजारच्या खोलीतल्या गृहस्थाइतका हलणाऱ्या वस्तूंकडे डोळे लावून बसणारा, आणि स्वतः जागचा न हलणारा माणूस अख्ख्या लालबागमध्ये दुसरा नसेल. वय चाळिशीचं, लग्न नाही, नोकरी लोअर परळच्या एका ऑफिसात. लागोपाठच्या दोन चित्रांत कुठला ठिपका कुठून कुठे सरकला, हे संगणकाला ओळखायला शिकवायचं, तेही झटपट आणि अचूक, हे त्याचं काम. "काकू, झटपट केलं की चुकतं, अचूक केलं की रखडतं," हे त्याचं रोजचं गाऱ्हाणं. त्याचा स्वतःचा कल अचूकपणाकडे. चहा की कॉफी, याचाही तो इतका विचार करतो की शेवटी भिंतीपलीकडून त्याच्या आईचा आवाज येतो, "मेल्या, च्या निवली, आता गप पी!" एकदा नाक्यावर मिरचीच्या गोणींची हातगाडी अंगावर येत असताना, ती कुठल्या क्षणी कुठे असेल हे तो मला समजावत उभा राहिला. मी वेळेवर बाजूला झाले. तो मिरचीने लाल झालेल्या शर्टाने घरी आला आणि म्हणाला, "अंदाज बरोबर होता काकू, सांगण्यात वेळ गेला."

गॅलरीत कॅमेरा लावून त्याने मलाही चालायला लावलं. पडद्याकडे बघून मान हलवली. "हे कोरं पातळ नको. संगणकाला धरायला एक ठिपका नाही. तो म्हणतो, इथे कोणी हललंच नाही."

"तुझे काकाही जन्मभर हेच म्हणत होते," मी म्हटलं, आणि बुट्ट्यांचं पातळ नेसून आले. मग मात्र माझी पावलं पडद्यावर बाणांसारखी उमटली. समोरच्या खोलीतल्या बाई विचारत होत्या, कुठली स्पर्धा आहे का.

आता तुम्हा नातवंडांना ठाऊक नसलेली गोष्ट. धाकट्या, तू पहिल्यांदा चाललास तेव्हा तुझ्या आईने व्हिडिओ कॉलवर मला दाखवलं. तू सोफा सोडलास, आणि चित्र गोठलं. पुन्हा हललं तेव्हा तू बाबाच्या मांडीवर होतास. "चार पावलं टाकली, आई!" बाबा मला ओरडून सांगत होता. ती चार पावलं मी सोडून सगळ्यांनी पाहिली. तुझ्या आईच्या हातात तोच फोन, त्यामुळे दुसरं चित्रीकरण कुणाकडेच नव्हतं. माझ्या फोनवरचं त्या कॉलचं रेकॉर्डिंग घेऊन मी शेजारी गेले. म्हटलं, "दोन चित्रांच्या मधलं तुला कळतं ना? मग एवढं भरून दे."

पहिल्या दिवशी त्याने झटपट केलं. तुझी पँट आणि गालिचा एकाच रंगाचे, त्यामुळे तू सोफ्यापाशीच राहिलास आणि गालिचा चालायला लागला. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग तो आठवडाभर बसला आणि रविवारी फोन परत घेऊन आला. तुझं सोफ्याला धरून डुलणं, बोटं सुटणं, आता कुठेही अडखळत नव्हतं. पुढे पडदा कोरा. मग मांडी.

"आणि पावलं?" माझा आवाज चढला होता.

"घालता आली असती, काकू. पण ती त्याची नसती, माझी असती. तुम्ही रोज बघितली असती आणि खरी मानली असती."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वाटीभर शिरा घेऊन गेले. त्या कोऱ्या जागेपाशी मी अजूनही रोज थांबते. तिथे उभं राहिलं की तुम्ही किती लांब आहात ते नेमकं कळतं.

याल तेव्हा जिन्यावरून धावत येऊ नका. मी बुट्ट्यांचं पातळ नेसून गॅलरीच्या टोकाला उभी असेन. सावकाश चालत या. मला मधलं सगळं बघायचं आहे.