पेंटरच्या पोरीचं स्पेलिंग

आमच्या गावात माझ्याइतकं इंग्रजी आजवर कोणीही लिहिलेलं नाही.

खोटं वाटत असेल तर सावली गावाकडून येणाऱ्या रस्त्याने गावात शिरा आणि मान वर करून चाला. टेलर, चिकन सेंटर, सायकल दुकान, दवाखाना, राईस मिल! प्रत्येक बोर्डावर वर मराठी, खाली इंग्रजी, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'आर्टिस्ट सुधाकर'. तो मीच. (फ्लेक्स छापणारी मशीन आली तेव्हा आजूबाजूच्या गावांतले निम्मे पेंटर भजी तळायला लागले. मी मात्र टिकलो, कारण माझं अक्षर.) जंगलाच्या वाटेवरचे 'वाघाचा वावर आहे, एकटे जाऊ नये' हे फलकही माझेच. ते नुसतेच मराठीत आहेत, आणि त्यांच्याबद्दल अजून कोणाची तक्रार नाही. वाघाचीही नाही.

माझी मुलगी आरोही दुसरीत आहे. तिचा अभ्यास नेहमी तिची आई घेते. आमची ही, म्हणजे सुनंदा, गावची आशाताई. अख्ख्या गावाच्या गोळ्या-लशी सांभाळून पोरीचे पाढेही सांभाळते. पण त्या शनिवारी वरोऱ्याला तिची बहीण बाळंत झाली आणि हिला दोन-तीन दिवस जावं लागलं.

बसच्या पायरीवरूनच तिने हुकूम सोडला. "सोमवारी पोरीची स्पेलिंगची परीक्षा आहे. पुस्तक समोर धरा अन् त्यात पाहूनच घ्या. आपलं डोकं लावू नोका!"

रविवारी जेवण झाल्यावर मी पुस्तक उघडलं. धड्याचं नाव होतं 'आपलं गाव'. पहिलं चित्र शिलाई मशीनवर बसलेल्या माणसाचं. दुसरं कोंबडीचं. मग सायकल, मग गळ्यात नळी अडकवलेला डॉक्टर. मला हसूच आलं! ज्या शब्दांवर माझं घर चालतं, ते शब्द मी पुस्तकात पाहू? मी पुस्तक मिटलं.

"बाबा, टेलरचं स्पेलिंग कसं?"

"हे पाहाय बेटा, इंग्रजी म्हणजे मराठीच आहे, फक्त कपडे बदलून आली. तोंडातून काय निघते? टे. टी-ई. मंग ल. एल-ई. मंग र. आर. झाला टेलर!"

"पण पुस्तकात तं दुसरंच..."

"पुस्तक छापते तिकडं लांब. टेलर इथी राहते. कोणाले जास्त माहीत?"

याच हिशेबाने मी चिकनमधला 'सी' काढून टाकला. (तिथे आधीच एक 'सी' होता. दुसरा कशाला?) सायकल मी 'एस-ए-आय' पासून सुरू केली. आरोहीच्या कपाळावरची आठी काही जाईना, म्हणून तिला मोपेडवर बसवलं आणि थेट चौकात नेलं. "तुले पाठ कराची गरजच नाई. गाव वाच!" तिने टेलरचा बोर्ड वाचला. चिकन सेंटरचा वाचला. सगळीकडे अगदी बाबा म्हणतात तसंच! पोरीचा चेहरा उजळला. मीही उजळलो. येताना दोघांनी बर्फाचा गोळा खाल्ला.

सोमवारी तिला दहापैकी शून्य मिळालं.

शून्याचं मला इतकं वाटलं नाही. पण ती दारातच दप्तर टाकून रडायला लागली. "मॅडमनं सगळ्या शब्दाईवर काट मारली. मी मॅडमले म्हटलं, माह्या बाबाचंच बरोबर आहे. तं सगळे पोट्टे हासले. मॅडमनं तुले उद्या बोलावलं."

भर वर्गात पोर एकटी माझ्या बाजूने भांडली होती! माझ्या आतला बाप उसळला, आणि त्याच्या मागोमाग पेंटरही उसळला. (दोघांपैकी कोणीही अजून पुस्तक उघडलं नव्हतं.)

मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेलो. मडावी मॅडम जिवतीकडच्या. आवाज कधी चढत नाही, आणि तेच जास्त अवघड जातं.

"या सुधाकरभाऊ. आरोहीचे दहाही शब्द चुकले. घरी कोणी शिकवलं?"

"मी! अन् चुकले नाई मॅडम. गावात तसंच लिवून आहे. चला चौकात, पुरावा दाखवतो!"

मॅडमने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "दुसरीची लाइन करा रे. पुस्तकं सोबत घ्या."

आता मला काही बावीस साक्षीदार नको होते! पण लाइन निघाली. पुढे मी, मागे मॅडम आणि त्यांच्या मागे हातात उघडी पुस्तकं घेतलेली अख्खी दुसरी. पानठेल्यावरचे दोघे-तिघे काय चाललंय ते पाहायला आपणहून शेवटी लागले.

टेलरच्या दुकानासमोर थांबून मी बोट वर केलं. "वाचा!"

पोरांनी बोर्ड वाचला, मग पुस्तक वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. टेलर टेप गळ्यात घालून बाहेर आला. "काय झालं गा?"

"काही नाई. तुह्या बोर्डावरचं स्पेलिंग बरोबर आहे का, सांग मॅडमले."

"मले काय माहीत? तूच तं लिवलं!"

"म्हणजे पुरावाही तुमचा आणि लिहिणारेही तुम्हीच," मडावी मॅडम शांतपणे म्हणाल्या.

मी बोट खाली घेतलं. पण मागे सरायला जागाच नव्हती, मागे दुसरी होती. "आपण दुसरा पाहू," मी म्हणालो.

चिकन सेंटरपाशी एक पोरगी ओरडली, "मॅडम, 'के'च्या आधी 'सी' राह्यला!" दुकानदार सुरी घेऊन बाहेर आला. "बोर्डात राह्यला असंल, कोंबडीत काही कमी आहे का?" पोरांना आता खेळच सापडला. सायकल दुकानापुढे तर त्यांनी इतक्या चुका काढल्या, की एका अक्षरामागे तीन बोटं वर होती. दवाखान्यासमोरचा गोंगाट ऐकून डॉक्टरसाहेब स्वतः बाहेर आले. हा माणूस शिकलेला! मी आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

"सुधाकर, मी तीन वर्षांपासून पाहून राह्यलो," ते म्हणाले. "पण तू इतक्या मनापासून रंगवलं होतं, की चूक सांगवली नाही."

परतताना मी मान खाली घालून सगळ्यांना भराभर शाळेकडे हाकत होतो. घाईचं कारण मलाच ठाऊक होतं. शाळेच्या फाटकावरची कमानही माझीच! लाइन आत शिरणार, एवढ्यात आरोही थांबली. तिने वर पाहून एकेक अक्षर वाचलं.

"पी-आर-आय-एम-ए-आर-आय. मॅडम, प्रायमरीत शेवटी वाय पाहिजे ना?"

मडावी मॅडमनी मान वर केली. या कमानीखालून त्या रोज दोनदा जात होत्या.

"हे... केव्हा लिहिलं तुम्ही?"

"तुमची बदली इथी झाली ना मॅडम, त्याच वर्षी."

मॅडम पहिल्यांदाच लाजल्या. मग हळूच म्हणाल्या, "सुधाकरभाऊ, हे बाहेर कोणाला सांगू नका." (मी सांगितलेलं नाही. फक्त लिहितोय.)

घरी जाताना आरोही मोपेडवर मागे पुस्तक छातीशी धरून बसली होती. धानाची शेतं लागली तेव्हा तिने विचारलं, "बाबा, तुले येतच नव्हतं का?"

"येते असं वाटत होतं, बेटा."

"मंग पुस्तक काऊन मिटवलं?"

मी हॉर्न वाजवला, रस्त्यात कोणी नसताना. मग तिने माझ्या पाठीला गाल टेकवला. "अक्षर मात्र तुयंच चांगलं आहे. मॅडमपेक्षा."

समोरचा रस्ता मला जरा धूसर दिसायला लागला. (धूळ असेल.)

सुनंदा वरोऱ्याहून परतली तेव्हा बस गावात पोचायच्या आधीच तिला चार जणांनी फोन करून सगळं सांगितलं होतं. तिने पिशवी ठेवली आणि एकच प्रश्न विचारला. "पुस्तक उघडलं होतं का?"

"उघडलं होतं ना. चित्रं पाह्यली."

ती पाणी प्यायला आत गेली ती बराच वेळ हसतच होती.

पुढचे दोन महिने मी माझ्याच रंगाने माझंच गाव दुरुस्त केलं. मी शिडीवर, आरोही खाली पुस्तक धरून. "थांब बाबा! आय राह्यला!" सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ती ओरडायची. टेलर उलटा माझ्यावरच तापला. "गिऱ्हाईक विचारून राह्यले, जुना टेलर गेला कुठी?" शाळेची कमान मी रविवारी, शाळा बंद असताना रंगवली. मडावी मॅडम सुट्टी असूनही 'सहज' येऊन उभ्या होत्या.

पुढच्या परीक्षेत आरोहीला दहापैकी दहा मिळाले. सुनंदाच्या हुकमावरून तोच पेपर मला घरी सोडवावा लागला. पोरीने लाल पेनाने तपासला. दहापैकी सहा! मी खूश झालो आणि खालच्या 'पालकाची सही' या रेघेवर सही करायला पेन घेतला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"तू नाई. हा तुया पेपर आहे. तुयी पालक मी."

आणि तिने स्वतःचं नाव, एकही चूक न करता, इंग्रजीत लिहिलं. त्याच्या खाली मराठीत शेरा दिला. 'मुलगा वर्गात फार बोलतो. पहिल्या बाकावर बसवावे.'