पाणी जातंय का

भातसा धरणाच्या दरवाजांवर ड्यूटी करणारे एक गृहस्थ दर रविवारी माझ्याकडे चहाला यायचे. बोलणं मोजकं, आणि प्रत्येक वाक्याआधी एक घोट. शाळेत शिकवून आल्यावरचा नाद म्हणून मी तेव्हा परसात माशांची टाकी केली होती. तिचं पाणी पंपाने वरच्या खडीच्या वाफ्यात चढायचं, वांग्यांना माशांच्या घाणीचं खत पुरवायचं आणि नळीने परत टाकीत उतरायचं.

एकदा भरल्या पाण्यात वांगी माना टाकू लागली. मी घाबरून पंप दुप्पट वेळ चालवला, तर ती आणखीच मलूल झाली.

त्यांनी पानांकडे बघितलंच नाही. खाली वाकून नळीला कान लावला.

"गुरुजी, पानी येतंय ते तुमी बगता. जातंय का ते कोन बगनार? मुळांना हवा नाय."

बाही सरसावून त्यांनी नळीतून मुळांचा काळा, कुबट बोळा ओढून काढला. पाणी गटगट उतरू लागलं.

चार दिवसांत वांगी सावरली. रविवारी मी पहिलं फूल दाखवायला त्यांना हौसेने परसात नेलं. ते वाकले आणि नळी ऐकत राहिले.

"जातंय," ते म्हणाले, आणि वांग्यांकडे पाठ करून चहाला बसले.