अवसेच्या दिवशी व्हँकुव्हर

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण आमची लेक पडली व्हँकुव्हरला, आणि डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केलेली. "तू नको येऊस, जमेल मला," असं ती फोनवर म्हणाली, आणि मी तिथल्या तिथं ठरवलं की जायचं. लेकीला येता येत नसेल तर माहेरानं उठून जावं.

ह्यांनी मोबाइलवर बघून सांगितलं, मुंबई ते व्हँकुव्हर बारा हजारांवर किलोमीटर, नुसतं उडायलाच पंधरा तास. त्यात सरळ विमान नाही, मध्ये उतरून बदलायचं, म्हणजे मलकापुरातल्या आमच्या दारापासून तिच्या दारापर्यंत दोन दिवस धरायचे. ह्यांची ऊसतोड लागलेली, त्यामुळं सोबत येणं शक्य नव्हतं. मला एकटीला सोडायला मात्र हा रिटायर फौजी तयार होईना. मग मीही ऐकवलं, "आवं, जम्मूला पोस्टिंगवर तीन दिवस रेल्वेत बसून गेलासा, तवा तुमच्या सोबत कोण हुतं?"

तिकीट मिळालं ते नेमकं अवसेचं. जतच्या नणंदेनं बजावलं, बाळंतपणाला अवसेचं निघू नये. माझा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नाही, पण काही वाकडं झालं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. म्हणून मी प्रस्थान ठेवलं. आदल्या दिवशीच बॅग शेजारणीकडं नेऊन ठेवली, म्हणजे प्रवास चांगल्या दिवशी सुरू झाला. आता ती परत घरात आणायची नाही, जाताना तिथूनच उचलायची. विसरायला नको म्हणून पासपोर्टही तिच्यातच टाकला. इथं माझी अक्कल शेण खायला गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात येऊन उभी, आणि शेजारणीच्या दाराला कुलूप. आई अचानक आजारी पडली म्हणून ती मेढ्याला माहेरी गेलेली, किल्लीसकट. फोन लावला तर बिचारी म्हणाली, खुशाल तोडा. मी दगड शोधत होते, तोवर हे पहार घेऊन आले. इतके दिवस जाऊ नको म्हणणाऱ्या माणसानं दोन घावांत कडी उखडली, बॅग गाडीत टाकली आणि म्हटलं, "बस. आता माघारी बघू नगंस."

मधल्या विमानतळावर दिसेल त्याला तिकीट दाखवत, हातवारे करत मी दुसरं विमान गाठलं. एकच धास्ती होती, मी पोचायच्या आत कळा सुरू झाल्या तर?

त्या सुरू झाल्याच होत्या. जावयाच्या मित्रानं मला विमानतळावरून थेट दवाखान्यात नेलं. लेक नर्सबाईशी फडाफडा इंग्रजी बोलत होती. मला बघितलं आणि तिचा चेहराच रडवेला झाला.

"आई, लय भ्या वाटतंय."

शाळेत घातल्यापासून ती माझ्याशी असं गावाकडचं बोलली नव्हती. मी तिचा हात घट्ट धरला. "मी हाय न्हवं," म्हटलं. नर्सबाईनं खुर्ची पुढं केली, ती मी पायानं बाजूला सारली आणि उभी राहिले.