उलट्या बोटीवरचे तीन ठोके

कवळीकाकांनी जन्मभर लोकांचे दात केले, पण ते ज्या तोंडांत बसले ती तोंडं काही त्यांना दिसली नाहीत. दंतवैद्यांकडून जबड्यांचे ठसे डब्यातून यायचे. काका त्यात प्लास्टर ओतायचे, मेणात दात रचायचे, कवळी घासून चकचकीत करायचे आणि डबा परत जायचा. रस्त्याकडच्या खोलीत कारखाना, मागच्या खोलीत संसार. बायको गेल्यापासून त्या संसारात एक पलंग आणि एक खुर्ची उरली होती. बोलायला सोबत म्हणाल तर फळीवरचे प्लास्टरचे जबडे. एवढे जबडे, पण एकही उलटून बोलायचा नाही.

माणूसघाणा म्हणावा असा हा गृहस्थ नव्हता. फक्त ‘उगाच कशाला कुणाला त्रास’ हे वाक्य त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. एकदा तापाने फणफणले, पाणी घ्यायला उठवेना, तरी भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला हाक मारली नाही. बरे झाल्यावर त्याचं त्यांना समाधानही वाटलं. मग मेण वितळवता वितळवता मनात आलं, आपण गेलो असतो तर लोकांना कवळ्या वेळेवर न मिळाल्यामुळेच कळलं असतं. 

अशातच एक तरुण ताई पुढचा दात करून घ्यायला आल्या. दाताची छटा उजेडात जुळवावी लागते, म्हणून डॉक्टरांनी त्यांना थेट कारखान्यात धाडलं होतं. काकांनी खिडकीशी बसवून विचारलं, “पडला कशाने?”

“नदीने पाडला. कयाक उलटली आणि खाली नेमका खडक.”

“मग आता सोडलं असेल ते सगळं.”

“सोडते कशाला? मी तर शिकवते. थंडीभर पोहण्याच्या तलावात, पुढे नदीत. या की तुम्हीपण!”

ताई हे सगळ्यांनाच म्हणत असणार. पण काकांना ‘या’ म्हणून किती दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. काका खरंच गेले.

कयाक म्हणजे एका माणसापुरती निमुळती बोट. आत पाय घालून बसायचं आणि पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवतीचा रबरी घेर बोटीच्या तोंडावर ताणून बसवायचा. बोट उलटली की तिच्यासकट आपण उलटे. मग पाण्याखालून वल्हं फिरवायचं, कमरेने झटका देऊन आधी बोट सरळ करायची, मागून अंग आणि डोकं सगळ्यात शेवटी. सगळे इथेच गोते खातात. जीव श्वासासाठी कासावीस झालेला, म्हणून डोकं आधी वर काढायला जातात आणि बोट पुन्हा पालथी. काकांना मात्र डोकं खाली घालून राहायची सवय होती. ते पोरासोरांच्या आधी शिकले. त्यांची कॉलर, म्हणजे त्या दिवशी असती तर, नक्की ताठ झाली असती.

घोडं अडलं ते पुढे. ताईंचा नियम होता: हा डाव कधीतरी फसतोच, तेव्हा उलटं लटकलेल्या अवस्थेत बोटीचा तळ तीनदा ठोकायचा, मग हात पाण्याबाहेर काढून बोटीच्या दोन्ही अंगांनी फिरवत राहायचे आणि वाट बघायची. जोडीदार येऊन स्वतःच्या बोटीचं नाक हाताशी देतो. ते धरून वर यायचं. बोट सोडून पोहत सुटलेला माणूस नदीत खडकांच्या तावडीत सापडतो, म्हणून ज्याला थांबता येत नाही त्याला नदीबंदी.

आणि काकांना थांबता येईना. दर वेळी घेर उपसून एकटेच वर यायचे. ताई वैतागल्या. “काका, रविवारी आम्ही नदीवर निघतोय. तोवर नाही जमलं, तर तुम्ही इथेच.”

सगळे एका गाडीतून जाणार होते, एकाच खोलीत पथाऱ्या पसरणार होते. नदीपेक्षा काकांना त्या पथाऱ्यांची ओढ लागली होती.

शेवटच्या दिवशी जोडीदार होते औषधवाले, म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. बोलण्यात एक नंबर. काका उलटले. तळ ठोकला. हात फिरवले. निळं पाणी, नाकात झिणझिण्या, आणि कुणी नाही. कोण येतंय, त्यांना वाटलं. आपल्यासाठी कोण येणार? आणि मग अगदी मनापासून वाईट वाटलं, कारण या वेळी ते खरंच थांबले होते. छाती फुटायच्या बेताला आली तसा त्यांनी घेर उपसला.

वर आले तर औषधवाले दोन हातांच्या अंतरावर खोकल्याच्या औषधावर व्याख्यान देत होते.

“अहो, उलटलात कधी?” ते दचकले. “ठोकलंत तरी का?”

“ठोकलं की. तीनदा.”

“कसं ठोकलंत? दाखवा बघू,” ताई म्हणाल्या.

काकांनी ओल्या बोटीवर बोटांच्या पेरांनी टक, टक, टक केलं. आजारी माणसाच्या खोलीचं दार वाजवावं तसं.

“अहो काका, हे बोटीलासुद्धा ऐकू गेलं नसेल! बडवा. कुणाची झोप मोडणार आहे इथे?”

 काका बोटीतलं पाणी ओतून पुन्हा आत बसले, खोल श्वास घेतला आणि उलटले. पाण्याखाली हात क्षणभर आखडला. मग त्यांनी दोन्ही तळवे उचलले आणि बोट बडवली. तीनवर थांबले नाहीत. ताप, ती भिंत, तो पलंग, सगळं बडवून काढलं. तलावभर दणदणाट झाला.

हाताला बोटीचं नाक लागलं. दुसऱ्या हाताला दुसरं. पलीकडे आणखी एक येऊन धडकलं. काका उठले तेव्हा आजूबाजूला बोटींची नुसती गर्दी होती आणि औषधवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“पास!” ताई ओरडल्या. एकेक बोट मागे वळू लागली. औषधवाल्यांची मात्र अडकली, कारण काकांनी तिचं नाक घट्ट धरून ठेवलं होतं.

“झालं हो काका. सोडा आता.”

“जाऊ नका,” काका म्हणाले.  “थोडा त्रास देतो तुम्हाला. जरा थांबा.”

औषधवाले थांबले.